‘मी’ कुठे संपतो आणि ‘आपण’ कुठे सुरू होतं?

या वेळी आलेल्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या तोंडांनी विचारलेली दिसली: स्वतःला घडवायचं म्हणजे नेमकं कोणाला, आणि ज्या माणसांत वाढलो त्यांच्यापासून हा ‘स्व’ वेगळा काढता येतो का? पत्रं लांब होती, इथे त्यांचा गाभा तेवढा घेतला आहे.

प्रश्न : घरी मी चेष्टेखोर, कामावर गप्प, जुन्या मित्रांत भांडखोर. एका शिबिरात सांगितलं, ‘मुखवटे उतरवा, आतला खरा मी शोधा.’ दोन वर्षं शोधतो आहे, सापडत नाही. मग मी खोटा आहे का?

खोटे नाही आहात, शोधायची जागा चुकली आहे. शिबिरातल्या त्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: सगळे थर सोलले की तळाशी कोणाचाही हात न लागलेला ‘मी’ निघेल. पण सोलायला घेतलेली भाषासुद्धा दुसऱ्यांकडूनच आलेली असते, मग थर सोलून थांबायचं कुठे? माणसाला ओळखणारी जितकी माणसं, तितके त्याचे सामाजिक ‘स्व’, असं मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच मांडलं होतं. १९०२ मध्ये समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी त्याला आरशाची उपमा दिली. समोरच्याला आपण कसे दिसत असू, त्यावरून तो आपल्याबद्दल काय मत करत असेल, आणि त्या मतामुळे आपल्याला अभिमान वाटतो की शरम, अशा त्याच्या तीन पायऱ्या. नीट पाहिलं तर तिन्ही आपल्याच डोक्यात घडतात. समोरच्याला एका शब्दानेही विचारलेलं नसतं.

तेव्हा ‘खरा कोणता’ हे ठरवण्याआधी ‘किती आणि कसे’ हे कागदावर उतरवा. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड यांनी १९५४ मध्ये वापरलेली वीस वाक्यांची चाचणी अजूनही उपयोगी पडते. कोऱ्या कागदावर १ ते २० आकडे टाका. ‘मी कोण?’ हा प्रश्न स्वतःला विचारल्यासारखा विचारा आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘मी…’ने सुरू होणारं एक वाक्य लिहा. वेळ १२ मिनिटं. खोडायचं नाही, क्रम बदलायचा नाही, मागचं वाचायचं नाही. मग प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा: नातं किंवा भूमिका असेल तर ‘न’ (मी थोरला मुलगा आहे), सुटा गुण असेल तर ‘ग’ (मी तापट आहे), आणि गुणाला प्रसंग जोडलेला असेल तर ‘प’ (अनोळखी लोकांत मी गप्प असतो).

बहुतेकांची गाडी आठव्या-नवव्या वाक्यापाशी अडते. अडू द्या. चारचौघांना ठाऊक असलेली ओळख आधी संपते आणि मग स्वतःची अशी वाक्यं येऊ लागतात, हे कून आणि मॅकपार्टलंड यांनाही दिसलं होतं. म्हणून दहावर थांबलात तर हाती फक्त ओळखपत्र लागतं. दुसरी चूक म्हणजे इच्छा लिहिणं. ‘मी शिस्तीचा व्हायला हवं’ हे वर्णन झालं नाही. तशी वाक्यं खोडू नका, पण त्यांना वेगळी खूण करा, पुढच्या उत्तरात ती लागतील. तिसरी चूक गुणांची बेरीज करण्याची. ‘ग’ जास्त म्हणजे आत्मविश्वास, ‘न’ जास्त म्हणजे परावलंबन, असा अर्थ कुठेही लावलेला आढळला तर सोडून द्या.

हीच चाचणी आठवड्याभरात आणखी दोनदा घ्या: एकदा कामाच्या ठिकाणी, एकदा मित्रांना भेटून आल्यावर लगेच. जपान आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना ती एकट्याने, सोबत्यासमोर, गटात आणि प्राध्यापकासमोर लिहायला लावली, तेव्हा जपानी विद्यार्थ्यांची उत्तरं जागेनुसार जास्त बदलली. त्यांना कोणी खोटं ठरवलं नाही. मानसशास्त्रज्ञ हेझल मार्कस आणि शिनोबु कितायामा यांनी १९९१ मध्ये याची नीट मांडणी केली: काही समाजांत ‘स्व’ सुटा, आतल्या गुणांनी बनलेला मानतात, काहींत तो नात्यांत गुंफलेला मानतात, आणि तिथे माणसागणिक वागणं बदलणं ही समज असल्याची खूण ठरते. हे ढोबळ चित्र आहे. एकाच घरातल्या दोन भावंडांतही याहून मोठा फरक सापडू शकतो, त्यामुळे ‘आपली संस्कृतीच अशी’ म्हणून हात झटकायला ते पुरणार नाही.

ही मांडणी आपण शिकतो, ती जन्मतः येत नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये म्हैसूर आणि शिकागो इथल्या मुलांना आणि मोठ्यांना ओळखीच्या माणसाच्या एखाद्या वागण्याचं कारण विचारलं. शिकागोतले मोठे लोक स्वभावाकडे बोट दाखवत, म्हैसूरमधले परिस्थितीकडे. आठ वर्षांच्या मुलांत मात्र फारसा फरक नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला.

तुमच्या तीन कागदांत जी वाक्यं तिन्हीकडे आली, ती वेगळ्या कागदावर उतरवा. चार-पाचच असतील. दोन वर्षं जे शोधत होता त्याच्या सर्वांत जवळ जाणारं तेवढंच आहे. बाकीची बदलती वाक्यं तपासायची ती एकाच कसोटीवर: त्या ठिकाणी हा ‘मी’ होऊन आल्यावर थकवा येतो का? तिथे गप्प बसणं जमतं की गप्प बसावं लागतं? दुसरं असेल तर हात घालायचा तो तिथे.

(जाता जाता : मराठीत ‘आपण’ या एकाच शब्दाकडून तीन कामं करून घेतली जातात. ‘तिने आपण होऊन सांगितलं’ म्हणजे स्वतः; ‘चल, आपण जाऊ’ म्हणजे तू आणि मी मिळून; ‘आपण बसावं’ म्हणजे समोरचा आदरणीय माणूस. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. भाषेमुळे विचार जखडतो असं मुळीच म्हणायचं नाही, पण ‘स्व’ची हद्द वाक्यागणिक सरकते हे सांगायला याहून सोपं उदाहरण नाही.)

प्रश्न : शिक्षण, पेशा, दोन्ही आईवडिलांनी ठरवलं. मला तसा त्रास नव्हता. आता चाळिशीत मैत्रिणी म्हणतात, ‘तू स्वतःचं आयुष्य जगलीच नाहीस.’ तेव्हापासून झोप उडाली आहे. त्यांचं खरं आहे का?

निवड कोणी केली यावरून ते ठरत नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी १९९९ मध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांना शब्दकोडी दिली. काहींना विषय स्वतः निवडू दिला, काहींना सांगितलं की संशोधिकेने निवडला, काहींना की आईने. युरोपीय वंशाच्या अमेरिकन मुलांचं काम स्वतःच्या निवडीत सर्वांत चांगलं झालं. आशियाई वंशाच्या मुलांचं आईच्या निवडीत झालं. आणि परक्या बाईने निवड लादली, तेव्हा दोन्हीकडच्या मुलांचा उत्साह गेला. मूल आईची निवड ‘लादलेली’ मानत नव्हतं, कारण आई त्याच्या ‘मी’च्या कुंपणाच्या आत होती.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत स्वायत्तता म्हणजे एकट्याने ठरवणं नाही. जे करतो ते मनापासून पटणं म्हणजे स्वायत्तता. दुसऱ्यावर अवलंबून असूनही माणूस स्वायत्त असू शकतो, आणि कोणाचंच न ऐकणारा माणूस निव्वळ बंडापोटी पराधीन असू शकतो. २००३ मध्ये दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका इथल्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास आला. रीती चार ठिकाणी चार, पण रीत पटून पाळणाऱ्यांना बरं वाटतं आणि दडपणाखाली पाळणाऱ्यांना वाटत नाही, हा धागा सगळीकडे सारखा.

तेव्हा मैत्रिणींचं राहू द्या आणि सात दिवस एक वही करा. पानावर चार रकाने: काम, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, आवाज कोणाचा, काम झाल्यावर काय वाटलं. दिवसाला पाच-सहा नोंदी पुरेत. आठवड्यात तीस-चाळीस होतील. ‘केलं पाहिजे’, ‘करायला हवं’, ‘बरं दिसत नाही’, ‘नाइलाज आहे’ हे शब्द लिहिताना सभ्य करू नका. जो शब्द मनात आला तोच लिहा, कारण वर्गवारी त्या शब्दांवरूनच होते.

आठव्या दिवशी नोंदींचे चार ढीग करा. ‘कोणी बघतंय म्हणून’ किंवा ‘बोलणी बसतील म्हणून’ हा पहिला. ‘नाही केलं तर माझं मलाच खातं’ हा दुसरा. ‘पटतं म्हणून’ तिसरा. ‘आवडतं म्हणून’ चौथा. पहिला ढीग ओळखायला सोपा असतो. फसवतो तो दुसरा, कारण त्यातला आवाज आपलाच वाटतो, प्रत्यक्षात बाहेरचा रखवालदार आत येऊन बसलेला असतो. त्याची खूण चौथ्या रकान्यात सापडते. काम झाल्यावर समाधान न येता नुसती सुटका वाटली असेल, तर नोंद दुसऱ्या ढिगातली.

दुसऱ्या ढिगातली प्रत्येक नोंद घेऊन दोन प्रश्न विचारा. हे केलं की नाही हे कोणालाच कळणार नसेल, तरी करीन का? आणि ज्यांच्यासाठी करते, त्यांना ते हवं आहे का, मी कधी विचारलं आहे? दुसरा प्रश्न लोक टाळतात. अनेक ओझी अशी निघतात की देणारा कधीच विसरून गेला आहे आणि वाहणारा अजून वाहतो आहे.

चुका कुठे होतात तेही सांगतो. रात्री दमून नोंदी केल्या तर सगळंच ओझं वाटतं, म्हणून काम झाल्याझाल्या दोन ओळी लिहा. आईवडिलांकडून आलेलं सगळं घाईने ‘लादलेलं’च्या ढिगात टाकू नका, तुमचा नीटनेटकेपणाही कदाचित तिथूनच आला असेल आणि तो तुम्हाला आवडत असेल. आणि वहीचा खटला करून कोणाला साक्षीला उभं करू नका. ही वही वाचून दाखवायची नसते.

पेशाबद्दल : जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये ओळख घडण्याच्या चार अवस्था मांडल्या, त्या दोन गोष्टींवरून: पर्याय धुंडाळले का, आणि काही पक्कं केलं का. न धुंडाळताच पक्कं झालेलं, ही तुमची अवस्था. तिची किंमत एवढीच की प्रश्न मिटलेला नसतो, झाकलेला असतो आणि चाळिशीत मैत्रिणीच्या एका वाक्याने उघडतो. धुंडाळणं आता करता येतं, त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. तीन महिने ठरवा. जो पेशा घ्यावासा वाटत होता त्यातल्या दोघांना भेटा आणि त्यांच्या कंटाळवाण्या दिवसाबद्दल विचारा (यशाबद्दल नको, ते सगळेच छान सांगतात). आठवड्याला तीन तास ते काम प्रत्यक्ष करून पाहा. शेवटी पुन्हा आहे तोच पेशा निवडलात, तर तो आता तुमचा असेल.

प्रश्न : ‘ठामपणे नाही म्हणा’, ‘स्वतःला पहिलं स्थान द्या’ हे सल्ले पाळले. परिणाम : दोन नाती तुटली, कामावर एकटा पडलो. सल्ला चुकीचा की मी?

सल्ला दुसऱ्या मातीतला होता आणि मुळावरची माती झटकून लावला गेला. जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइने आणि आरा नोरेंझायन यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की मानसशास्त्रातले बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही देशांतल्या लोकांवरून काढलेले आहेत, आणि ‘माणूस असा असतो’ हे सिद्ध करायला हीच माणसं पुष्कळदा सर्वांत अपवादात्मक ठरतात. व्यक्तिमत्त्व विकासाचे सल्ले याच साठ्यातून येतात. एक उदाहरण : ‘स्वतःच्या यशाची आठवण करा, जोर येईल.’ हाइने आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाहिलं, की उत्तर अमेरिकेतले लोक यश मिळाल्यावर त्याच प्रकारच्या कामाला जास्त वेळ चिकटून राहिले, जपानी मात्र अपयश आल्यावर. एकाला जोर देणारी गोष्ट दुसऱ्याला ‘झालं आता’ म्हणून उठवते.

म्हणून कुठलाही सल्ला घेताना आधी त्याचा हेतू काढा, मग त्यात काय गृहीत धरलं आहे ते काढा. ‘नाही म्हणा’चा हेतू वेळ आणि मन वाचवणं. गृहीत हे की समोरच्याशी नातं सहज जोडता-सोडता येतं, आणि नकार कामाला आहे, माणसाला नाही, हे त्याला आपोआप कळेल. तुमच्याकडे ही दोन्ही गृहीतं खरी नसतील तर हेतू ठेवा, वाक्य बदला.

चालणारा नकार चार तुकड्यांचा असतो: तुझी अडचण कळली, हे जमणार नाही, एवढं जमेल, अमुक वेळी. ‘तुझं काम अडलंय हे दिसतंय. या आठवड्यात मला जमणार नाही. सोमवारी एक तास बसू, चारला.’ संपलं. बिघडतं ते बहुधा दुसऱ्या तुकड्यात. कारणांची यादी दिली की समोरचा एकेक कारण सोडवून देतो आणि शेवटी तुमच्याकडे सबब उरत नाही. कारण एकच द्या, किंवा देऊच नका. ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ हे शब्द नकारात बसत नाहीत. ऐकणारा त्यांना होकार धरतो आणि मग फसवल्याचा राग येतो. तिसरा तुकडा जमणार असेल तरच घाला, नुसता गोडवा म्हणून नको. आणि पहिले पाच नकार किरकोळ गोष्टींतले असू द्या. तुम्ही बहुतेक सर्वांत मोठ्या नकारापासून सुरुवात केलीत. तुटलेल्या दोन नात्यांपैकी ज्याचं वाईट वाटतं, तिथे जाऊन ‘म्हणायचं होतं ते वेगळं होतं’ एवढं सांगायला अजून हरकत नसावी.

प्रश्न : नवी सवय २१ दिवसांत लागते म्हणतात. माझी तिसऱ्यांदा तुटली.

तो आकडा सवयींच्या अभ्यासातला नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जननी १९६० मध्ये आपल्या रुग्णांवरून लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. त्यातलं ‘निदान’ पुढे गळून गेलं. लंडनमधल्या ९६ जणांवर फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फार फरक पडला नाही. तेव्हा तुटली म्हणून पुन्हा एकपासून मोजू नका. एवढं मात्र पाहा, की सवय कशाला बांधली आहे. ‘सकाळी’ ही वेळ सैल पडते. ‘दात घासून ब्रश ठेवला की’ ही खूण पक्की. आणि घरातल्या दुसऱ्याच्या वेळापत्रकाला बांधली असेल, तर त्यालाही सांगून ठेवा.

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. संस्कार म्हणजे मुलाचा ‘स्व’ दाबणं, असं हल्ली ऐकू येतं. काय मानावं?

दाबता येईल असा तयार ‘स्व’ त्या वयात कुठे असतो? मुलाच्या नकळत नाकावर रंगाचा ठिपका लावून आरसा दाखवला, तर साधारण १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान बरीच मुलं आरशाऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावतात. पण हे पाश्चात्त्य शहरांतलं वय. ग्रामीण केनियातल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांतही फार थोड्यांनी नाकाला हात लावला, बाकीची स्तब्ध उभी राहिली. त्यांना स्वतःची जाणीव नव्हती असा अर्थ काढणं धाडसाचं होईल. मोठ्या माणसाने घडवून आणलेल्या विचित्र प्रसंगात आपण काय करावं, हेही मूल घरातूनच शिकतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्यगॉट्स्की यांनी सांगितलं, की मुलाची प्रत्येक वरची क्षमता दोनदा दिसते, आधी माणसामाणसांत, मग मुलाच्या आत. ठोकळे रचताना मूल पुटपुटतं, ‘मोठा खाली… नाही, हा नाही’. ते वाक्य काल कोणीतरी त्याला म्हटलेलं असतं. त्या पुटपुटण्याला ‘गप्प बसून कर’ म्हणू नका. ते बाहेरून आत जाण्याच्या वाटेवर आहे.

तुमच्या हातात असलेलं सर्वांत सोपं साधन म्हणजे झालेल्या गोष्टीबद्दल बोलणं. मानसशास्त्रज्ञ ची वांग यांच्या २००१ च्या अभ्यासात अमेरिकन प्रौढांची सर्वांत जुनी आठवण सरासरी साडेतीन वर्षांच्या वयाची निघाली, चिनी प्रौढांची त्याहून सुमारे सहा महिने उशिराच्या वयाची. घरात आठवणी कशा बोलल्या जातात याच्याशी तो फरक जोडला जातो. रोज पाच मिनिटं, एका मुलाशी, कालच्या एका प्रसंगावर: काय झालं, मग तुला काय वाटलं, आणि तेव्हा अमुकला काय वाटलं असेल? मूल एक शब्द बोललं तर तुम्ही त्यात एक तपशील घाला आणि पुन्हा त्याच्याकडे द्या. शेवटचा प्रश्न विसरू नका, नाहीतर गोष्ट नुसती ‘मी’ची होते. आणि त्याने चुकीचं सांगितलं तर दुरुस्ती करू नका. दुरुस्ती सुरू झाली की त्या गप्पांची परीक्षा होते आणि मूल ‘काही नाही’ म्हणायला शिकतं.

प्रश्न : दुसऱ्या भाषेत बोलताना मी जास्त धीट होते. हे नाटक आहे का?

नाही. हाँगकाँगच्या दुभाषिक विद्यार्थ्यांना चिनी प्रतीकं दाखवली की त्यांची स्पष्टीकरणं एका वळणाने जात, अमेरिकन प्रतीकं दाखवली की दुसऱ्या, हे २००० मध्ये दिसून आलं आहे. दोन्ही वळणं त्यांचीच. त्रास होतो तो दोन्ही एकमेकांच्या विरोधात आहेत असं मानलं की. धीट भाषेतलं एक वाक्य निवडा आणि तेच मातृभाषेत मोठ्याने म्हणून पाहा. कुठल्या शब्दाला जीभ अडखळते ते लक्षात ठेवा, बहुधा तो क्रियापदाचा आदरार्थी शेवट असतो.

प्रश्न : माणसाच्या गरजा पायऱ्यापायऱ्यांनी दाखवणाऱ्या मास्लोच्या पिरॅमिडमध्ये आत्मविकास सर्वांत वर आहे. मग आधी खालच्या पायऱ्या पुऱ्या कराव्यात ना?

मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांच्या १९४३ च्या लेखात पिरॅमिडचं चित्र नाही, ते पुढे व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून आलं. गरजांचा क्रम पक्का नसतो, हे त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. आणि आयुष्याच्या शेवटी त्यांनी आत्मविकासाच्याही वर आणखी एक पायरी मानली, स्वतःपलीकडे जाण्याची. तक्त्यांवर ती सहसा छापलेली नसते.